लाल दोन, काळा दोन, पिवळा एक

डोईफोडे सरांनी माझ्या तोंडाकडं पहिल्यांदा नीट बघितलं ते शिक्षकांच्या खोलीत, डबा खाताना. माझा घास हातातच. त्यांनी मान डावीकडं केली, उजवीकडं केली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "लोमटे सर, तुमच्यात हिरवा लागतो."

मी डाव्या हातानं गाल चाचपला. म्हटलं, "कावीळ दिसायली का काय?"

"कावीळ न्हाई हो. नाकाच्या बाजूला, सावलीत. लाल दोन, काळा एक, पिवळा एक, अन् मधूनच एखादा हिरवा. खा तुमी."

घास काही गोड लागला नाही. पण ही माझ्या एकट्याची गत नव्हती. एसटीचा कंडक्टर, तपासणीला आलेले साहेब, बाजारातला मिरचीवाला, कुणालाही ते असंच बघायचे आणि मनातल्या मनात रंग मोजायचे. माझ्या लग्नात लोक अक्षता टाकत होते आणि हा माणूस पहिल्या रांगेत उभा राहून माझ्या बायकोकडं एक डोळा मिटून बघत होता. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज पिवळा लई हाय. हळद उतरली की मग सांगतो." बायकोनं ते ऐकलं. पुढं कितीतरी वर्षं ते घरी आले की ती चहा द्यायची, पण समोर उभी राहायची नाही.

हे वेड त्यांना संगणकानं लावलं. आणि तो संगणक त्यांच्या गळ्यात कुणी बांधला? मी. खोटं कशाला बोलू.

आमची शाळा केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजारापासून चालत तासाभरावर. गावात टीव्ही एक, तोही सरपंचाच्या ओसरीवर. अशा ठिकाणी एक दिवस सरकारी योजनेतून जीप आली आणि तीन खोकी उतरवून गेली. खोक्यात विलायती बनावटीचा घरगुती संगणक. म्हणजे जाड टाइपरायटरसारखा दिसणारा एक डबा, एक रंगीत टीव्ही, आणि माहिती साठवायला साधा कॅसेटचा टेपरेकॉर्डर. विज्ञानाचा मास्तर मी. तेव्हा ते घोंगडं माझ्याच गळ्यात पडणार होतं. मी भ्यालो. हात लावला आणि जळलं तर जन्मभर चौकशा. मुख्याध्यापकांना सांगितलं, मला पडद्याकडं बघितलं की चक्कर येते. मुख्याध्यापकांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात डोईफोडे सर ब्लेडनं पेन्सिलीला टोक करत बसले होते.

"चित्रकलेला काय काम असतं? तुम्ही जा ट्रेनिंगला."

भागवत डोईफोडे. उंच, पोक काढून चालणारे, पँट घोट्याच्या वर, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. खोडरबर त्यांच्या वर्गात चालायचं नाही. "खोडरबर म्हंजी खोटं बोलायचा परवाना," म्हणायचे. रेघ चुकली तर चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायची, म्हणजे आपण कुठं चुकलो ते दिसतं. आणि दुसरं एक वाक्य त्यांचं ठरलेलं. पोरगं डोक्यातून मोर काढायला लागलं की ते वही मिटायचे. "मोर बघितलास का? न्हाई ना? मग बघून काढ. न बघता काढलं ते चित्र न्हाई, अफवा हाय."

आठ दिवसांनी ट्रेनिंगवरून आले ते चिडूनच. आम्हाला वाटलं जेवणाचे हाल झाले असतील. कसलं काय!

"लोमटे सर, त्या मशीनला चित्र दाखवायचे आठ प्रकार हायेत. अन् सरकारनं धडे पाठवलेत ते समदे सगळ्यात गरीब प्रकारातले. नुसती अक्षरं. का तर म्हणे जागा वाचती!"

मग त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या विज्ञानाच्या डोक्यालाही कळलं. मशीनच्या पोटात जागा ठरलेली. साधी अक्षरं दाखवली तर ती एका कोपऱ्यात मावतात, बाकी जागा हिशोबाला, विचाराला मोकळी. पण रंगाचा श्रीमंत प्रकार लावला, की अर्ध्याच्या वर पोट नुसत्या चित्रानंच भरतं. मशीनला दुसरं काही सुचायलाच जागा राहत नाही. "रंग जास्त घेतले की डोकं कमी पडतं," सर म्हणायचे, आणि माझ्या नव्या टेरिकॉटच्या शर्टाकडं बघायचे.

श्रीमंत प्रकारात सोळा रंग. त्यातले आठ सरळ आणि आठ लुकलुकणारे, म्हणजे दोन रंगांत उघडझाप करणारे, जत्रेतल्या दिव्यांच्या माळेगत. लुकलुकणारे सरांना अजिबात आवडायचे नाहीत. "तमाशा हाय." राहिले आठ. काळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, आकाशी आणि एक भडक जांभळट. सरांनी ते पडद्यावर ओळीनं लावले, आख्खा वर्ग समोर बसवला, आणि एकदा पडद्याकडं, एकदा पोरांकडं बघत राहिले.

"आठ रंग दिले इलायतीनं," ते म्हणाले, "अन् त्यात आपल्या पोरांचा एकबी न्हाई."

तिथून ते सुरू झालं. लाल ठिपक्याशेजारी काळा, मग पिवळा, मग परत लाल. जवळून बघितलं तर नुसती मिरची-मसाल्याची सांडासांड. चार पावलं मागं आलं की गव्हाळ, सावळा, काळासावळा, उन्हानं रापलेला, एकेका पोराचा आपापला रंग. मी दारात उभा राहून पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. मी पळ काढलेल्या मशीनमधून ह्या बाबानं गंगाधर सानपचं तोंड बाहेर काढलं होतं.

पण हे कशासाठी करायचं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं.

दिवाळी झाली की आमचा अर्धा वर्ग ऊसतोडीला जायचा. टोळ्या ट्रकमध्ये बसायच्या, आईबापाबरोबर पोरंही, कारण धाकट्यांना सांभाळायला कोपीवर, फडाकडच्या पाचटाच्या झोपडीवर, कुणीतरी लागतं. पार गुढीपाडव्यापर्यंत बाकं रिकामी. सरांना ते बघवायचं नाही. म्हणून दसऱ्याच्या आधीपासून ते जाणाऱ्या पोरांना एकेक करून समोर बसवायचे, त्यांचे रंग एका वहीत टिपायचे, आलेखाच्या कागदावर चौकोन-चौकोन भरायचे, मग ते मशीनमध्ये घालायचे आणि प्रत्येकाची एक कॅसेट करायचे. एक तोंड व्हायला आठ-दहा दिवस. दिवाळीनंतर दर शनिवारी शेवटच्या तासाला त्या खोलीत "हजेरी" व्हायची.

काय सोहळा असायचा तो! चपला बाहेर. टेपरेकॉर्डर चालू झाला की त्यातून कर्कश चिरकणं, तव्यावर पाणी पडल्यागत. त्या आवाजातच चित्र भरलेलं. चित्र एकदम यायचं नाही, वरून खाली एकेक पट्टी उतरायची, चांगली चार मिनिटं. आधी केस. पोरं केसांवरूनच ओरडायची, "गंगाधऱ्या हाय!" "न्हाई बे, बाळ्या हाय, भवरा बघ की!" मग कपाळ, मग डोळे, आणि ओळख पटली की सगळा वर्ग एका आवाजात म्हणायचा, "हजर!" पोरगं तिकडं दोनशे मैलांवर उसाचं वाढं गोळा करत असेल आणि इकडं त्याची हजेरी लागायची. सर भिंतीला टेकून उभे. हसायचे नाहीत. पण कानावरच्या पेन्सिली काढून हातात घ्यायचे, ते खुशीचं लक्षण.

एका साली सहावीतल्या इंदूचं चित्र सगळ्यात शेवटी झालं. गयाबाईची थोरली पोरगी. मोठी चळवळी. दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. सर ओरडायचे, "इंदे, डोळा हलवू नगंस!" आणि ती म्हणायची, "सर, डोळा माझा न्हाई ऐकत." टोळीचा ट्रक उद्या निघणार आणि डोळे अजून राहिलेले. शेवटी सरांनी आपला नियम मोडला. दोन्ही डोळ्यांत एकेक ठिपका लुकलुकणारा घातला. काळा-पांढरा, काळा-पांढरा. शनिवारी चित्र उतरलं, डोळे आले, आणि ते चमकायला लागल्यावर पोरींनी एकच गिल्ला केला, "आगं बया, इंदी बघायली!" सर माझ्याकडं वळून पुटपुटले, "तमाशा झाला खरा. पण बघूनच काढलाय. ती हायच तशी."

पुढचं सांगताना मला आजही राग येतो. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणायचे. सव्वीस जानेवारीला त्यांना आपल्या वारलेल्या वडिलांचं चित्र संगणकावर दाखवायचं होतं. पाहुणे येणार, पेपरवाले येणार. वडिलांचा फोटो एकही नव्हता.

"सोपं हाय मास्तर," अण्णा म्हणाले. "नाक माज्यासारखं. मिशा आमच्या चुलत्यासारख्या. जोडा की."

"अण्णा, मग ते तुमचं अन् तुमच्या चुलत्याचं चित्र हुईल. वडलांचं कसं?"

"कोन बघितलंय त्यांना आता?"

"म्या न्हाई बघितलं. म्हनून म्या न्हाई काढत."

अण्णा मोठ्यानं हसले, सरांच्या पाठीवर थापही मारली. मला वाटलं, निभावलं. तिसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत संस्थेच्या लोखंडी खुर्च्या आणि निवडणुकीचे बोर्ड येऊन पडले आणि दाराला अण्णांचं कुलूप लागलं. सरांच्या हाती फक्त इंदूची कॅसेट राहिली, ती त्या दिवशी त्यांच्या पिशवीत होती म्हणून.

पाडव्याला टोळ्या परतल्या. गयाबाई आली, इंदू आली नाही. माघात कोपीवर तापानं फणफणली, तीन दिवसांत गेली. तिकडंच सगळं उरकलं. गयाबाई शाळेच्या पायरीवर बसली होती, पदर तोंडात. तिला कुणीतरी सांगितलं होतं की सरांच्या पेटीत इंदूचं तोंड आहे. पोरीचा फोटो जन्मात काढलेला नव्हता.

"सर, येकदा दावा. येकदाच. मंग न्हाई येत."

सर धावत अण्णांकडं गेले. मी मागून. भर उन्हात, अनवाणी; चपला शाळेतच राहिल्या. अण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माज्या बापाचं जमत न्हाई, अन् कोयत्यावरच्या पोरीचं जमतं व्हय?"

सर म्हणाले, "काढतो. वडलांचं काढतो. जसं सांगाल तसं."

ते मी माझ्या कानांनी ऐकलं. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "आता काय उपेग? सव्वीस जानेवारी झाली की," म्हणाले.

सर तडक परत फिरले. शाळेत आले, पिशवीतून कॅसेट काढली आणि गयाबाईच्या ओंजळीत ठेवली. "माय, ह्याच्यात हाय ती. माज्यापाशी ठिवली तर हीबी कुलपात जाईल. जप. खोली उघडली की दाखवतो."

तीच त्यांची चूक. पण त्या वेळी तिथं असता तर तुम्ही काय केलं असतं? मीही तेच केलं असतं.

खोली उघडली ती बारा-तेरा वर्षांनी, अण्णा गेल्यावर. उंदरांनी वायरी खाल्लेल्या, बाकीच्या कॅसेटींच्या फिती ओढून त्यांची घरटी केलेली, आलेखाचे कागद पावसानं लगदा झालेले. गंगाधर, बाळू, सगळे गेले. इंदूची कॅसेट तेवढी वाचली, गयाबाईकडं होती म्हणून. शाळेत नवे संगणक आले, जुनं मशीन डेडस्टॉकात पडलं, मग भंगारात. सर निवृत्त झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ टेबलावरच विसरले, पण ते मशीन पोत्यात गुंडाळून सायकलवरून वडगावला आपल्या घरी घेऊन गेले.

आणि मग दुरुस्ती. किती वर्षं! केजचा रेडिओवाला झाला, लातूरचा झाला, परळीला एक टीव्ही दुरुस्त करणारा म्हातारा होता, त्याच्याकडं तर पोतं घेऊन इतक्या चकरा मारल्या की तिथल्या वीजकेंद्राच्या राखेनं सरांचा सदरा कायमचा करडा झाला. "तुमच्यात आता पांढरा मिसळावा लागंल," मी चिडवलं. ते हसले नाहीत. दर पाडव्याला, टोळी उतरली की, गयाबाई वडगावला त्यांच्या दारात यायची. हातात साखरेच्या गाठीची माळ असायची.

"झालं का सर?"

"न्हाई, माय."

ती गाठी द्यायची, पाणी प्यायची, जायची. पुढं गुडघे गेले, ऊसतोड सुटली, तरी पाडव्याला येणं सुटलं नाही. एवढाच संवाद, वर्षानुवर्षं. मी एकदा सरांना म्हटलं, अहो, नाही होणार म्हणून सांगून टाका तिला एकदाचं. ते म्हणाले, "होनार न्हाई हे म्या कुठं बघितलंय?"

दोन वर्षांमागं गयाबाई आली ती वेगळंच बोलली. एका डोळ्यात मोतीबिंदू, काठी टेकत आली होती. "सर, आताशा तिचं तोंड ध्यानात यीना. फराक ध्यानात येतो. हाका मारायची ते ध्यानात येतं. तोंड न्हाई येत. डोळं मिटलं की फराक येतो अन् वर कायबी न्हाई." हे सांगताना ती रडली नाही. सर मात्र उठून आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या उन्हाळ्यात परळीच्या म्हाताऱ्यानं कुठूनसे भाग मिळवले आणि मशीन चालू झालं. नव्या टीव्हीला जोडलं, पडद्यावर अक्षरं आली, आणि सरांनी मला फोनवर नुसतं "या" म्हटलं. गयाबाईला तिच्या पुतण्यानं मोटारसायकलवर आणलं. तिनं कॅसेट आणली होती, लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. सकाळची वेळ, वीज असायची वेळ बघून ठरवली होती. चपला बाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

चिरकणं सुरू झालं. गयाबाईनं मान डोलावली, जणू ओळखीचं माणूस बोलायला लागलं. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

पट्टी उतरली. काळे केस. मधला भांग, सरळ. कानामागच्या दोन लाल रिबिनी. कपाळ, तोच सावळा रंग, तीच ठिपक्यांची करामत. भुवयांची वरची कड आली आणि आवाज घोगरा झाला, फाटला, आणि चित्र थांबलं. मशीननं खाली लिहिलं, टेप मागं घ्या. सरांनी मागं घेतली. परत तिथंच. परत मागं. परत तिथंच. मग त्यांनी मशीनला सांगितलं, चुकलं तरी सोड आणि पुढं वाच. मग हनुवटी आली, मान आली, फ्रॉकची गोल कॉलर आली. मधे भुवयांपासून ओठापर्यंत नुसता कचरा. वाटेल ते रंग, वाटेल तिथं.

"डोळं कवा येतेत?" गयाबाईनं विचारलं.

सरांनी कॅसेट बाहेर काढली, खिडकीपाशी नेली, करंगळीनं फीत थोडी ओढून बघितली. एका ठिकाणी ती चुरगळलेली, उजेड आरपार दिसेल इतकी झिजलेली होती.

"माय, ही कॅसेट तू लावायचीस का कवा?"

"लावायची म्हंजी? रोजच की." गयाबाईचं तोंड उजळलं. "दिराचा टेप हाय ना. रोज सांजच्याला लावती. समदी न्हाई लावत, येका जागी ती हालती बगा. आवाज बदलतो तितं. तितंच लावती. बंद करायची, मागं घ्यायची, पुना तितंच. तुमीच म्हनलता न्हवं, ह्याच्यात हाय ती म्हनून."

केस म्हणजे एकाच रंगाचे ठिपके, तिथं आवाज सरळ जातो. डोळ्यांशी रंग बदलतात, तिथंच आवाज बदलतो. त्या माउलीनं कानानं पोरीचे डोळे अचूक शोधले होते, आणि तीसहून जास्त वर्षं रोज त्याच जागी बोट दाबून ते पुसून टाकले होते.

सरांनी कॅसेट परत लुगड्याच्या तुकड्यात बांधली. "मशीनच खराब हाय, माय," ते म्हणाले. "माजंच मशीन. कॅसेट चांगली जपलीस तू." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून खोटं ऐकल्याचं मला आठवत नाही.

मी काही स्वस्थ बसलो नाही. पुण्याला माझी लेक ह्याच लायनीत आहे. आमच्या शब्दाला मान देऊन गयाबाईनं कॅसेट पाठवली. आजकालच्या संगणकात म्हणे त्या जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल चालते. लेकीनं सगळे उपाय केले आणि फोन केला, "बाबा, मधलं नाहीच आहे टेपवर. पण भरून देता येईल. वरचं-खालचं बघून मशीनच डोळे-नाक तयार करतं. छान होतं. आजीला कळणारसुद्धा नाही."

मी हे नाचत जाऊन सरांना सांगितलं.

"कुणाचे डोळे ते?" त्यांनी विचारलं.

"कुणाचेही असोत! म्हातारीला एक तोंड हवंय, सर. मोतीबिंदू झालाय तिला. दोन ठिपके लुकलुकले की झालं. मरताना सुखानं मरेल."

"अन् तिला जे थोडंफार ध्यानात असंल, त्याच्यावर हे बसंल. मग खरी इंदी कुठं ऱ्हाईल?"

मी चिडलो. लईच चिडलो. म्हटलं, एकदा अण्णाला नाक काढून दिलं असतं तर आज ही पाळी आली नसती. तुमच्या हट्टापायी त्या बाईला पोरगी एकदाही दिसली नाही. बोललो आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"ते मला ठावं हाय, लोमटे," सर म्हणाले. "रोज ठावं असतं."

नंतर कळलं, त्यांनी स्वतः बसून बघितलं होतं. आलेखाचा कागद आणला, पेन्सिल घेतली, दिवसचे दिवस बसले. डोळे आठवेनात. चाळीस-पन्नास पोरांचे काढलेले, सगळे एकात एक मिसळले होते. "डोळा हलवू नगंस" म्हटलेलं आठवत होतं, तिनं दिलेलं उत्तर आठवत होतं. डोळा नव्हता. खोडरबर घरात नव्हतंच. कोरे कागद तसेच गठ्ठा बांधून कपाटावर ठेवून दिले.

मागच्या पाडव्याला मी गेलो तेव्हा सर बाजेवर उशाला टेकून बसले होते. बरेच वाळले होते. थोड्या वेळानं गयाबाई आली. ह्या वेळी गाठीच्या माळेबरोबर दिराचा टेपरेकॉर्डरही आणला होता. "झालं का" असं तिनं विचारलंच नाही. बाजेशेजारी खाली बसली, कॅसेट घातली, बटन दाबलं. तिला वाटलं असावं, सरांना बरं नाही, त्यांनाही थोडी ऐकवावी.

चिरकणं सुरू झालं. सरांनी डोळे मिटले. "केस," ते हळूच म्हणाले. वेळेवरून त्यांना बरोबर कळत होतं, कितव्या मिनिटाला कोणती पट्टी. गयाबाईनं दचकून त्यांच्याकडं बघितलं. "भांग. रिबिनी. दोन्ही लाल. आता कपाळ."

"आता बगा," ती पुढं सरकली. "आता हालती."

आवाज घोगरा झाला. खरखर, खरखर, मधे फट, परत खरखर. सर बोलायचे थांबले. मी मनात म्हटलं, देवा, आता तरी ह्या माणसाला एक शब्द खोटा बोलू दे. आवाज परत सरळ झाला, हनुवटी गेली, कॉलर गेली, टेप खट्कन बंद पडला.

"सर," गयाबाई म्हणाली, "तुमाला तरी दिसली का वो?"

सरांनी उशीखाली हात घालून एक वही काढली. जुनी, पाठकोरी, कडा उंदरांनी कुरतडलेली. पोरांचे रंग लिहून ठेवायची वही. त्यांनी एक पान उघडलं आणि ते वर्गात वाचायचे तसं मोठ्यानं वाचलं.

"इंदू. लाल दोन, काळा दोन, पिवळा एक. हे बघून लिवलंय, माय. येवढंच हाय माज्यापाशी."

गयाबाईला लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणाली, "पुना म्हना."

सरांनी पुन्हा म्हटलं. तिनं मागून म्हटलं. दोनदा चुकली, लाल आणि काळा उलटे झाले, सरांनी दुरुस्त करून दिलं. मग ती उठली, टेप पिशवीत घातला. तिला स्टँडपर्यंत सोडायला मी बरोबर गेलो. रस्त्यात ती बोटं मोजत तेच म्हणत होती. एसटी यायला उशीर होता. बाकावर बसूनही ती तेच म्हणत होती, लाल दोन, काळा दोन, पिवळा एक.